'लपवायला काही नसेल तर द्या की मोबाईल!'

तळजाईकर:
काल आमच्या भागातल्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "नाकाबंदीत पोलिसांनी कॉलेजच्या पोरांचे मोबाईल उघडायला लावून चॅट वाचले. शाब्बास! लपवायला काही नसेल तर घाबरायचं कशाला?" खाली अंगठ्यांची रांग. तिथे बोललो तर ग्रुपमधून काढतील, म्हणून इथे लिहितोय.

काका, तुमचे शुगरचे रिपोर्ट, भावाशी वाटणीवरून झालेले मेसेज हे सगळं भर चौकात हवालदाराला वाचायला द्याल? त्यात गुन्हा एकही नाही, तरी देणार नाही. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर मर्यादा आणायची तर कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा आणि कारवाई गरजेपुरतीच हवी. दिसेल त्याचा मोबाईल चाळायचा अधिकार कुठल्या कलमात आहे, तेवढं सांगा.

सदाशिवपेठी:
आले संविधानवाले! फेब्रुवारी 2024 मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे ड्रग्ज, निघालं, ते विसरलात? आमच्या वाड्यातला एक पोरगा याच नादात वाया गेला. त्याच्या आईला जाऊन शिकवा खासगीपणा.

तळजाईकर:
त्या पोराचं वाईट वाटतं, खरंच. पण कुरकुंभचा साठा रस्त्यावर चॅट वाचून सापडला नव्हता. आधी पकडलेल्यांच्या चौकशीतून धागा तिथवर गेला. त्याला तपास म्हणतात.

काळाकोट:
दोघेही अर्धवट बोलताय.

अमेरिकेच्या घटनेत झडतीविरुद्ध वेगळी तरतूद आहे, आपल्याकडे नाही. बाबासाहेबांच्या 1947 च्या निवेदनात तशी तरतूद होती, पण ती घटनेत आली नाही. 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं तशी तरतूद नसण्यावरच बोट ठेवलं. 2017 ला हक्क मिळाला हे खरं, पण 1974 चा पूरणमल निकाल अजून उभा आहे: झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. म्हणजे हक्क तुमच्या खिशात आणि पुरावा त्यांच्या.

आता सदाशिवपेठीसाठी. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 50 आहे. अंगझडतीआधी आरोपीला सांगावं लागतं, की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. ते सांगितलं नाही तर अंगावर सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही. 1999 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तसं सांगितलंय. तेव्हा ड्रग्जवाले सुटावेत असं वाटत असेल, तर खुशाल म्हणा पोलिसांना नियम गुंडाळून ठेवायला.

खाकी_उतरवलेला:
वकीलसाहेब, कलमं आम्हालाही पाठ होती. झडतीला साक्षीदार म्हणून कायद्याला लागणाऱ्या त्या 'परिसरातील प्रतिष्ठित पंचां'बद्दल बोला जरा. मी उभी नोकरी या शहरात केली. रात्री दोनला झडतीसाठी पंच हवे म्हणून बेल वाजवली, की सगळे सुशिक्षित आयहोलमधून बघून दिवे घालवायचे. शेवटी टपरीवरचा पोऱ्या आणायचा. काही वर्षांनी तो शिवाजीनगर कोर्टात उभा राहून म्हणणार, "साहेब म्हणाले तिथं सही केली." केस बोंबलली की शिव्या आम्हाला. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, तेही कलम 105 खाली शक्यतो मोबाईलवर. बरंच झालं. निदान कॅमेरा पलटणार नाही.

नळस्टॉपवाली:
पोलिसांचं ठेवा बाजूला. माझी मुलगी बाणेरला भाड्याने राहते. मागच्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी वॉचमनला घेऊन 'तपासणी'ला आले, चपला न काढता आत शिरले आणि फ्रीज उघडून बघितला. चपात्यांचा डबासुद्धा उघडला! यांना कुठलं वॉरंट लागतं?

सदाशिवपेठी:
बॅचलर भाडेकरू ठेवल्यावर सोसायटीला त्रास होतोच. रात्री अकरानंतर गाणी, जिन्यात सिगारेटची थोटकं. सेक्रेटरी फुकट राबतो, त्याला पगार नाही.

नळस्टॉपवाली:
मग फुकट राबणाऱ्याने माझ्या मुलीचा फ्रीज उघडावा? तुमच्या घरी येऊन मी कपाट उघडलं तर चालेल? भाडेकरू काय चोर असतात?

सदाशिवपेठी:
आवाज चढवू नका. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचा नियम पोलिसांचाच आहे, आमचा नाही.

नळस्टॉपवाली:
ती माहिती घरमालक देतो, फॉर्म भरून. फॉर्मवर फ्रीजचा रकाना नसतो.

काळाकोट:
सेक्रेटरी म्हणजे शासन नव्हे, त्यामुळे त्याच्यावर मूलभूत हक्काचं हत्यार सहसा चालत नाही. पण परवानगीशिवाय घरात शिरणं न्याय संहितेच्या कलम 329 खाली गृह-अतिक्रमण ठरू शकतं. त्रास देण्याचा किंवा अपमानाचा हेतू मात्र दाखवावा लागेल.

खाकी_उतरवलेला:
चौकीत गेलात तर आधी 'आपसात मिटवा' म्हणतील. लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही, हे आतला माणूस सांगतोय.

तळजाईकर:
धागा मोबाईलचा होता हो. कलम कुठलं, ते अजून कुणी सांगितलं नाही.

सदाशिवपेठी:
नसेल कलम. घ्या, जिंकलात, आता पेढे वाटा. संशय नसताना रस्त्यात मोबाईल वाचू नये, एवढं कबूल. पण बाई, फ्रीजमध्ये बिअर होती की नव्हती, ते सांगा ना आधी.

नळस्टॉपवाली:
होती. शेजारी चितळ्यांचं श्रीखंडही होतं. करा पंचनामा, पंच म्हणून तुम्हीच या. चपला बाहेर काढून.