प्राँगहॉर्नला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, मदत हवी आहे. लेकीला इथल्या मराठी शाळेत तक्ता लावायचाय, विषय अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याचा प्राँगहॉर्न, म्हणजे हरणासारखा दिसणारा एक शिंगवाला प्राणी. वेग लिहून झाला, ताशी सुमारे ८८ किमी. संख्याही: शंभर वर्षांपूर्वी काही हजारांवर आलेली, आता काही लाख. गाडी अडलीय वर्गीकरणावर. सांबर-चितळाच्या कुळातला म्हणावं, तर शिंगं भरीव नाहीत. काळविटाच्या म्हणावं, तर शिंगावरचं टरफल दरवर्षी गळतं, वर शिंगाला फाटाही! अँटिलोकॅप्रिडी कुळात हा एकटाच उरलाय. जवळचे नातलग जिराफ आणि त्याच्याच कुळातला ओकापी. लेक सरळ ‘जिराफाचा चुलतभाऊ’ लिहायला निघालीय. बाईंना चालेल का हो? कुणाला चपखल मराठी नाव सुचतंय? तक्ता रविवारी द्यायचाय.