लेझरचा मारा करून अतिसंवाहकता येते, ती कशी?

प्रश्न
अतिसंवाहक (रोधाशिवाय वीज वाहू देणारा) पदार्थ तापला की त्याचा गुण जातो, असे आपण शिकतो. मग २०११ साली आंद्रेआ कावालेरी यांच्या हॅम्बुर्गच्या गटाने ताम्र-ऑक्साइडच्या थरांच्या एका स्फटिकावर लेझर सोडून अतिसंवाहकतेच्या खुणा पाहिल्या, त्याची संगती कशी लावायची?

उत्तर १
कोणता प्रकाश वापरला, यावर सारे अवलंबून आहे. दृश्य प्रकाशाने कूपर जोड्या, म्हणजे अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, तुटतात; इथे मात्र सुमारे १६ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी होत्या आणि त्यांची वारंवारता तांबे-ऑक्सिजन बंधाच्या कंपनाशी जुळवलेली होती, म्हणजे धक्का मुख्यतः स्फटिकातल्या अणूंच्या जाळीला बसत होता. त्या पदार्थात विद्युतभार पट्ट्यापट्ट्यांनी गोठून बसतात आणि थरांमधील जोडणी दबून जाते. लेझरने ही पट्टेदार रचना विस्कटली आणि दोनएक पिकोसेकंदांत (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागांत) जोडणी परत आली, असे त्या गटाचे म्हणणे होते. स्फटिक आधीपासून १० केल्विनला थंड केलेला होता, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर २
तपासणीबद्दल थोडे लिहितो. इतक्या अल्पकाळ टिकणाऱ्या अवस्थेत तारा जोडून रोध मोजणे जवळजवळ अशक्यच, म्हणून मागोमाग टेराहर्ट्झचा (अवरक्ताहून लांब लहरींचा) एक क्षीण स्पंद पाठवतात, ज्याचे विद्युतक्षेत्र थरांना लंब असते. कूपर जोड्या थराथरांतून जोसेफसन परिणामाने, म्हणजे मधला अडथळा पार करून, ये-जा करू लागल्या, की ठरावीक वारंवारतेखालचा प्रकाश आरशासारखा परततो आणि परावर्तनाच्या आलेखात एक कडा उमटते. त्या कडेच्या स्थानावरून थरांमधील जोडणी किती बळकट आहे, ते कळते.

उत्तर ३
माझा आक्षेप नेमका त्या कडेवर आहे. अवरक्त स्पंद पृष्ठभागापासून साधारण मायक्रोमीटरभरच आत जातो, तर टेराहर्ट्झ स्पंद त्याहून बराच खोल पोहोचतो. त्यामुळे मोजलेल्या परावर्तनात उत्तेजित पापुद्रा आणि खालचा अस्पर्श स्फटिक दोन्ही मिसळतात, आणि त्यांना वेगळे करण्यासाठी घेतलेल्या गृहीतकांवर निष्कर्ष बराच हलतो. शिवाय कमी अडथळ्याने फिरणारे साधे विद्युतभारही अशीच कडा दाखवू शकतात. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो; तसे इथे होते का, हे पाहणे मला अधिक पटते. २०२४ साली याच गटाने इट्रियम-बेरियम क्युप्रेटवर (हाही ताम्र-ऑक्साइडच्या थरांचाच पदार्थ) तशी मोजणी प्रसिद्ध केली: शेजारी ठेवलेल्या स्फटिकातून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण (कंपनाची दिशा) किती वळते, त्यावरून क्षेत्रातला बदल टिपला, आणि तोही नेहमीच्या संक्रमण तापमानाच्या, म्हणजे ज्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो त्या तापमानाच्या, वर.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. या इट्रियमच्या पदार्थातही पट्टेच विस्कटतात का?

उत्तर १
तिथे वेगळे चित्र मांडले जाते. त्यात ताम्र-ऑक्साइडचे थर जोडीजोडीने असतात; शिखरस्थ ऑक्सिजन (थरातल्या तांब्याच्या वर-खाली बसलेले अणू) लेझरने हलवल्यावर थरांच्या जोडीतले अंतर किंचित वाढते आणि दोन जोड्यांमधले कमी होते, असे २०१४ साली क्ष-किरण स्पंदांनी दिसले. हे बदल पिकोमीटरच्या मापाचे आहेत, आणि एवढ्याने थरांमधील जोडणी किती वाढावी, यावर अजून एकमत नाही.