शब्दचर्चा : धावगती, सरासरी, स्ट्राइक रेट

रेडिओवाला
बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेला माणूस मी. षटक, यष्टी, पायचीत हे शब्द तिथूनच कानात बसले. परवा भाच्यासोबत सामना पाहत होतो. पडद्यावर फलंदाजाचा स्ट्राइक रेट १४२ आणि गोलंदाजाचा १४. मी म्हटलं, गोलंदाज फारच कच्चा दिसतोय. भाचा हसून हसून बेजार. पेपरात स्ट्राइक रेटला 'धावगती' लिहितात, पण संघाच्या रन रेटलाही, म्हणजे षटकामागच्या धावांनाही, धावगतीच म्हणतात. मग गोलंदाजाची ही कुठली गती?

तिसरी स्लिप
काका, दोष तुमचा नाही. एकाच नावाची दोन माणसं आहेत ही. फलंदाजाचा स्ट्राइक रेट म्हणजे १०० चेंडूंमागे धावा, तो जितका जास्त तितका बरा. गोलंदाजाचा म्हणजे एका बळीमागे टाकलेले चेंडू, तो जितका कमी तितका बरा. १४ म्हणजे फार भारी! गोलंदाजापुढे धावगती लिहिणं साफ चूक. मी 'बळीमागे चेंडू' असंच लिहितो. लांबडं आहे, पण कशाला कशाने भागलं ते त्यात दिसतं.

बापू नाडकर्णी घ्या. १९६४, मद्रास : ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. कसोटी कारकिर्दीत त्यांनी षटकामागे जेमतेम १.६७ धावा दिल्या, पण एका बळीसाठी सुमारे १०४ चेंडू लागले. कंजूस गोलंदाज आणि बळी घेणारा गोलंदाज हे वेगळे, हे या दोन आकड्यांतून कळतं. 'चांगली गोलंदाजी' एवढंच म्हटलं की ते पुसलं जातं.

रेडिओवाला
हे पटलं. पण सरासरी तरी सरळ आहे ना? एकूण धावा भागिले डाव.

गणिताची वही
नाही! धावा भागिले *बाद झालेल्या* वेळा. ब्रॅडमनच्या ६९९६ धावा, ८० डाव, त्यातले १० नाबाद. भागायचं ७० ने, म्हणून ९९.९४. ८० ने भागलं तर ८७.४५ येतात.

यातली गंमत १९७५ च्या विश्वचषकात दिसते. लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ४ बाद ३३४ धावा, सामना ६० षटकांचा. आपल्या ३ बाद १३२, त्यात गावस्कर १७४ चेंडूंत नाबाद ३६. बाद झालेच नाहीत, म्हणजे त्या डावाने सरासरी वाढलीच! स्ट्राइक रेट मात्र जेमतेम २०.७. सरासरीला चेंडू दिसतच नाहीत.

अवांतर धावा
(आयडीला जागून अवांतर) 'सरासरी' मुळात फारसी 'सरासर'वरून, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आपण ढोबळ, अंदाजे या अर्थानेही वापरतो : 'सरासरी पाच किलो असेल.' दोन दशांश स्थळांपर्यंत काढलेल्या आकड्याला ढोबळपणाचं नाव!

रेडिओवाला
भाच्याचा आणखी एक शब्द : 'फॉल्स शॉट'. मी 'चुकीचा फटका' म्हटलं तर म्हणाला, तसं नाही.

तिसरी स्लिप
बरोबर म्हणाला. चुकीचा फटका म्हणजे निवड चुकली, उदाहरणार्थ पहिल्याच षटकात स्वीप. फॉल्स शॉट मोजताना फक्त एवढंच बघतात की बॅट चुकली का किंवा कड लागली का. उत्तम बचाव करतानाही आउटस्विंगवर (हवेतच बाहेर जाणारा चेंडू) बीट होतोच की फलंदाज. म्हणून 'फसलेला फटका'. याची उलट बाजू म्हणजे 'कंट्रोल' : किती टक्के चेंडू मनासारखे खेळले. मी त्याला 'ताबा' म्हणतो. नियंत्रण हा शब्द धरणाच्या दारांसाठी राहू द्या.

याचा उपयोग असा : एकाने ७० काढल्या, पण पाचेक वेळा कड स्लिपच्या मधून गेली, आणि दुसरा छान खेळत असताना पहिल्याच कडेला २० वर झेल देऊन गेला. धावफलक पहिल्याला डोक्यावर घेतो. आपणही नशीब म्हणायचोच, आता ते मोजतात एवढंच.

गणिताची वही
मॅच-अपला, म्हणजे कुठल्या फलंदाजापुढे कुठला गोलंदाज आणायचा त्याला, काय म्हणाल? कुस्तीतला 'जोड' सुचतो.

अवांतर धावा
गोड शब्द, पण उलटा अर्थ. आखाड्यात जोड तुल्यबळ लावतात. इथे कर्णधार मुद्दाम बेजोड लावतो : डावखुऱ्यापुढे ऑफस्पिनर, म्हणजे चेंडू बाहेर वळेल.

रेडिओवाला
मग 'बेजोड'च ठेवू या का? तोही मराठीत कौतुकाचा शब्द आहे, भाच्याचा गोंधळ होईल. होऊ दे, आता त्याची पाळी.