मदत हवी आहे : एसजीपीटी नॉर्मल, तरी यकृताला सूज असू शकते का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. दादाला (वय ४६) हिपॅटायटिस बी असल्याचं रक्तदानाच्या शिबिरात कळलं. त्रास काहीच नाही, परवापर्यंत भाताची लावणी करत होता.

रिपोर्ट समोर ठेवूनच लिहितोय: एसजीपीटी ३८, एसजीओटी ४४ (दोन्ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी द्रव्यं), प्लेटलेट १ लाख ६० हजार, डीएनए (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) १२,०००. लॅबच्या कागदावर एसजीपीटीपुढे 'नॉर्मल' छापलंय, आणि दादा तेवढ्याच शब्दावर बोट ठेवून बसलाय. पण पुरुषांसाठी ३५ च्या वर गेलं तर लक्ष द्यावं, असं काही तज्ज्ञ मानतात. एसजीपीटी नॉर्मल असूनही बायोप्सीत (यकृताचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) सूज सापडते, हेही वाचलंय. फिब-४ चं (रक्ताच्या आकड्यांवरून यकृताचा अंदाज काढायचं) गणित मांडलं: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीच्या वर्गमुळाचा गुणाकार. आलं २.०५, म्हणजे १.४५ (याखाली धोका कमी) ते ३.२५ (यावर जास्त) च्या मधलं, धड इकडे ना तिकडे. शिवाय त्यातून कळतो तो यकृताचा घट्टपणा, आत्ताची सूज नव्हे.

बायोप्सीला दादा तयार नाही. कुणी फायब्रोस्कॅनवर (यकृताचा घट्टपणा बाहेरूनच मोजणाऱ्या तपासणीवर) भागवलंय का? बेळगावात होतं की कोल्हापूर गाठावं लागतं, खर्च किती? हिपॅटायटिस बी च्या गोळ्या कुणाच्या कधी सुरू झाल्या, तेही सांगा. वहिनी आणि पोरांची तपासणी या आठवड्यात करतोय.