शब्दचर्चा: ‘त्रयस्थ कुकी’ म्हणावं की ‘तिऱ्हाईत कुकी’?

दांडिया बाजार, बडोदे (प्रश्न):

मंडळी, आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ नव्यानं होतंय, मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत. पुस्तक राखून ठेवणं, वर्गणी भरणं, कार्यक्रमांचे व्हिडिओ पाहणं, सगळं त्यावर. काम करणाऱ्या मुलानं कुकीजची पट्टी यंत्राकडून भाषांतर करून घेऊन लावली आहे. ती अशी: ‘ही वेबसाइट तुमचा अनुभव वर्धित करण्यासाठी कुकीज वापरते. सुरू ठेवून तुम्ही आमच्या आणि त्रयस्थ पक्षांच्या कुकीज स्वीकारता.’ खाली एकच बटण, ‘सर्व स्वीकारा’.

आमचे बरेचसे सभासद साठीच्या पुढचे आहेत. हे वाचून त्यांनी काय समजायचं? मला ‘त्रयस्थ’, ‘स्वीकारा’ आणि ‘आवश्यक’ या शब्दांबद्दल मत हवंय. शिवाय ‘कुकी’लाच मराठी शब्द शोधावा का, तेही सांगा.

कारेलीबाग:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘कुकी’ला हात लावू नका. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणारे प्रोग्रामर ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून वापरत होते. एका प्रोग्रामनं दुसऱ्याला दिलेली छोटीशी खूण, असा त्याचा अर्थ. घेणाऱ्यानं ती उलगडायची नाही, पुढच्या वेळी जशीच्या तशी परत दाखवायची. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही कल्पना ब्राउझरमध्ये आणली आणि नावही तेच राहिलं. त्यामुळे बिस्किट, नानखटाई असले शब्द सुचवणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. शब्द रुळलाय. ती कुकी, अनेकवचन कुकीज. ‘बॅटऱ्या’, ‘कॉप्या’ यांच्या चालीवर ‘कुक्या’ म्हटलं तरी व्याकरणाला धरूनच आहे, पण पट्टीवर लोकांच्या डोळ्यांना सवयीचं तेच बरं.

मुळात ही खूण का लागली, ते सभासदांना एकदा नीट सांगायला हवं. वेबची घडणच अशी की प्रत्येक विनंती सुटी असते. तुम्ही एक पुस्तक निवडलंत आणि पुढच्या पानावर गेलात की सर्व्हरच्या लेखी तुम्ही पुन्हा नवखे. म्हणून सर्व्हर उत्तरासोबत एक ओळ पाठवतो, साधारण अशी: ‘सेट-कुकी: सत्र=क७प२९म’. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या स्थळाकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ‘सत्र=क७प२९म’ एवढं परत पाठवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हातात बिल्ला मिळतो, तसंच हे. बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. चपला कुणाच्या, कुठल्या खणात, ते ठेवणाऱ्याला माहीत.

म्हणजे कुकी हा प्रोग्राम नाही. ती तुमच्या संगणकातल्या फायली वाचत नाही, व्हायरससारखी पसरत नाही. एका कुकीत जेमतेम ४०९६ बाइट्स मावतात. धोका आहे तो बिल्ला भलत्याच्या हाती लागण्यात. लॉगिन झाल्यानंतरची सत्राची कुकी ज्याच्या हाती लागली, त्याला तुमचा पासवर्ड लागत नाही, मोबाइलवर येणारा ओटीपीही लागत नाही. तुमच्या मुलाला विचारा, लॉगिनच्या कुकीवर ‘सिक्युअर’ आणि ‘एचटीटीपी ओन्ली’ या दोन खुणा लावल्यात का. पहिलीमुळे ती फक्त कूटबद्ध, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणाऱ्या, जोडणीवरूनच जाते, दुसरीमुळे पानावरची स्क्रिप्ट, म्हणजे पानात घातलेला छोटा प्रोग्राम, ती वाचू शकत नाही.

आता ‘त्रयस्थ’. माझा खरा आक्षेप या शब्दावर आहे.

मराठीत त्रयस्थ कोण? ज्याला कुठल्याच बाजूचं सोयरसुतक नाही तो. आपण म्हणतो, ‘जरा त्रयस्थपणे विचार कर.’ भांडण मिटवायला त्रयस्थ माणूस बोलावतात, कारण त्याचा त्यात स्वार्थ नसतो. त्रयस्थ हा मराठीत चांगुलपणाचा शब्द आहे. आणि इथे तो लावलाय कुणाला? तुमच्या पानावर आपली चौकट लावणाऱ्या बाहेरच्या कंपनीला, म्हणजे ज्याचा या व्यवहारात सगळ्यात जास्त स्वार्थ आहे त्याला. वाचणाऱ्याला वाटणार, कुणीतरी निःपक्ष संस्था दिसते, असू दे.

त्याऐवजी ‘तिऱ्हाईत’ म्हणा. ‘घरातल्या गोष्टी तिऱ्हाइताला कशाला सांगायच्या?’ हे वाक्य तुमच्या प्रत्येक सभासदानं आयुष्यात म्हटलेलं असेल. तिसरा माणूस, आपल्या ओळखीचा नाही, आणि त्याच्यापुढे जपून बोलायचं, एवढं सगळं त्या शब्दात आपसूक येतं. ‘तिऱ्हाईत कुकी’ वाचल्यावर माणूस बटण दाबण्याआधी क्षणभर थांबेल, आणि तेच हवंय.

रावपुरा:

कारेलीबागवाल्यांशी पूर्ण सहमत. एक भर घालते. जुन्या मराठीत तिऱ्हाइताला मध्यस्थाचीही छटा होती, त्यामुळे कुणी कोश पुढे करून हरकत घेईल. पण पट्टी आजच्या वाचकासाठी आहे आणि आजच्या बोलण्यात तिऱ्हाईत म्हणजे परकाच.

गुजराती मजकुरासाठी तर सोय झालीच आहे. गुजरातीत ‘त्राहित’ शब्द आहे, ‘त्राहित व्यक्ती’, ‘त्राहित पक्ष’ असा कागदोपत्री सर्रास चालतो. दोन्ही भाषांत शेजारीशेजारी बसणारी जोडी मिळाली. आपल्या शहराला ही सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत मांडणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ इथेच निघाला. लोकांना कारभार त्यांच्या भाषेत कळला पाहिजे, या आग्रहापोटी केवढं काम झालं! कुकीजची पट्टीसुद्धा कारभाराचाच कागद आहे, तेव्हा तिच्यावर एवढी मेहनत घ्यायलाच हवी.

‘स्वीकारा’ मला खटकतो. भेट स्वीकारतात, आमंत्रण स्वीकारतात, पद स्वीकारतात. कुणीतरी काहीतरी देऊ करतो आणि आपण घेतो. इथे आपण काय घेतोय? इथे तर आपण देतोय, आपलं काहीतरी पाहायची मुभा देतोय. ‘परवानगी’ म्हणावं.

मांजलपूर:

काकू, तांत्रिक बाजूनं पाहिलं तर ‘स्वीकारा’ बरोबर आहे. सर्व्हर कुकी देतो, ब्राउझर घेतो. पण वाचणारा ब्राउझर नाही, माणूस आहे, हे मान्य.

‘परवानगी देतो’ लिहिलं तर पुरुषाचं बटण होतं, ‘देते’ लिहिलं तर बाईचं, आणि ‘देतो/देते’ अशी तिरकी रेघ बटणावर वाईट दिसते. मी दोन कामांत ‘चालेल’ आणि ‘नको’ अशी बटणं ठेवली. लिंगाचा प्रश्न सुटतो, शब्द लहान आहेत, आणि ‘नको’इतका स्वच्छ नकार दुसऱ्या भाषेत मिळणं कठीण.

तिऱ्हाईत कुकीचं काम कसं चालतं, ते जवळून दाखवतो. समजा आजोबांनी सकाळी पंचांगाचं एक स्थळ उघडलं. त्या पानावर एका जाहिरात कंपनीची चौकट आहे. चौकटीतलं चित्र पंचांगवाल्यांच्या सर्व्हरवरून येत नाही, ते आणायला आजोबांचा ब्राउझर थेट जाहिरात कंपनीकडे जातो. कंपनी चित्राबरोबर एक कुकी देते, समजा ‘ओळख=४४१८’. कुठल्या पानावरून आलात तेही ब्राउझर बहुतेक वेळा सांगतो. दुपारी आजोबा गुडघेदुखीवरचा लेख वाचतात, वेगळ्याच स्थळावर. तिथेही त्याच कंपनीची चौकट. ब्राउझर ‘ओळख=४४१८’ परत दाखवतो. संध्याकाळी ते सहलींचे दर पाहतात, पुन्हा तेच. आजोबांनी त्या कंपनीचं नावही ऐकलेलं नाही, पण ४४१८ हा माणूस देवभोळा आहे, त्याचे गुडघे दुखतात आणि त्याला प्रवासाला जायचंय, एवढं तिथे एका ओळीत जमा झालं.

ब्राउझरांपैकी सफारीनं मार्च २०२० पासून सगळ्या तिऱ्हाईत कुकीज अडवायला सुरुवात केली. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक स्थळाच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो, म्हणजे पंचांगावरची ओळख गुडघेदुखीच्या पानावर दिसत नाही. क्रोमनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं की दोन वर्षांत त्या बंद करू, मग तारीख पुढे पुढे जात राहिली, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. म्हणून क्रोम वापरणाऱ्यानं सेटिंगमध्ये जाऊन हे स्वतः बंद करायचं. हे केल्यानं सहसा काही अडत नाही, क्वचित एखादं स्थळ कुरकुर करतं.

एक बारकावा मात्र शब्दाच्या चर्चेत सुटू नये. भेटी मोजण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं गूगल अॅनालिटिक्स जी कुकी ठेवतं, ती तुमच्याच स्थळाच्या नावावर असते, मुदत सांगितली नसेल तर दोन वर्षांची. नियमानं ती घरची कुकी. पण गोळा झालेली माहिती जाते गूगलकडे. कुकी घरची, माहिती तिऱ्हाइताकडे. तेव्हा ‘आमच्या कुकीज’ आणि ‘तिऱ्हाईत कुकीज’ असे दोन कप्पे करून भागत नाही. माहिती कुणाला मिळते, हे पट्टीवर सरळ लिहा.

वाडी:

मी वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं. ‘सुरू ठेवून तुम्ही स्वीकारता’ हे वाक्य आजच काढून टाका. युरोपच्या न्यायालयानं १ ऑक्टोबर २०१९ ला स्पष्ट केलं की आधीच टिकमार्क केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण संमतीची व्याख्या आहे: मोकळेपणानं, विशिष्ट कारणासाठी, माहिती घेऊन, विनाअट, आणि स्पष्ट कृतीतून दिलेली. पान खाली सरकवणं ही कृती त्यात बसवणं अवघड. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत.

शब्दचर्चेच्या दृष्टीनं दोन तरतुदी मोलाच्या आहेत. संमतीची विनंती साध्या, स्पष्ट भाषेत असली पाहिजे, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय पाहिजे. त्या २२ भाषांत मराठी आहे, गुजराती आहे. म्हणजे मराठीत नीट पट्टी मागणं हा आता हौशीचा विषय राहिलेला नाही. दुसरं, दिलेली संमती काढून घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. एका बटणानं होकार आणि नकारासाठी चार पानं, हे चालणार नाही. फ्रान्सच्या नियामकानं नेमक्या याच कारणावरून गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. दोन्ही ठिकाणी नकार देणं होकारापेक्षा कठीण करून ठेवलं होतं.

‘आवश्यक’बद्दल. आवश्यक कुणाला, हा प्रश्न विचारा. युरोपच्या नियमातली कसोटी सरळ आहे: वाचकानं स्वतः मागितलेली सेवा त्या कुकीविना देता येत नाही का? लॉगिन, पुस्तकांची यादी, वर्गणी भरताना लागणारी सुरक्षा, हे आवश्यक. भेटी मोजणं संस्थेला उपयोगी असेल, वाचकाला आवश्यक नाही. जाहिरात तर नाहीच. कित्येक पट्ट्यांवर ‘आवश्यक’ या एका शब्दाखाली काय काय लपवलेलं असतं, ते पाहून मला राग येतो. ‘ही नसेल तर लॉगिन टिकत नाही’ असं वाक्यच लिहा, विशेषण नको.

दांडिया बाजार:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलाला बसवून विचारलं, पानावर बाहेरचं काय काय जोडलंय. समाजमाध्यमांची बटणं होती, नकाशा होता, भेटी मोजणारं साधन होतं. बटणं आणि मोजणी काढली, नकाशाऐवजी साधं चित्र आणि पत्ता ठेवला. राहिले कार्यक्रमांचे व्हिडिओ. मजकूर असा केलाय:

‘तुमचं लॉगिन टिकावं म्हणून हे स्थळ तुमच्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवतं. ती नसेल तर पुस्तक राखून ठेवता येत नाही. तुम्ही बाहेर पडलात की ती पुसली जाते. कार्यक्रमांचे व्हिडिओ बाहेरच्या कंपनीकडून येतात. ते लावलेत तर त्या तिऱ्हाईत कंपनीच्याही कुकीज येतील आणि तुम्ही काय पाहिलंत ते तिला कळेल. व्हिडिओ दाखवायचे का?’

बटणं एकाच आकाराची, एकाच रंगाची: ‘चालेल’, ‘नको’. खाली बारीक नाही, नेहमीच्या अक्षरात: ‘मत बदललं तर इथे दाबा.’

एका आजींनी विचारलं, ‘नको म्हटलं की परत परत विचारणार नाही ना?’ त्यावर काय सांगू?

मांजलपूर:

छान झालंय. आजींना सांगा, त्यांचा ‘नको’ लक्षात ठेवायलाही एक छोटी कुकीच लागते. त्यांनी किंवा नातवानं ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज पुसल्या तर तो नकारही पुसला जातो आणि पट्टी पुन्हा येते. मुदत कितीही लांबची घातली तरी क्रोम ४०० दिवसांपलीकडे कुठलीच कुकी ठेवत नाही, म्हणजे केव्हातरी विचारलं जाईलच. आणि कुकी नाकारली की सगळा माग बंद झाला, असंही त्यांना सांगू नका. पडद्याचा आकार, फाँट, ब्राउझरची आवृत्ती असल्या तपशिलांवरून ओळखायच्या पद्धती आहेत, त्यांना कुकी लागत नाही. मोठ्या पट्ट्यांवर ‘कुकीज आणि तत्सम तंत्रज्ञान’ लिहितात, त्यातल्या ‘तत्सम’मध्ये हे सगळं येतं.

रावपुरा:

वाचनालयातल्या सामायिक संगणकाबद्दलही लिहून ठेवा. तिथे लोक बँकेचं, मेलचं लॉगिन करतात आणि नुसती खिडकी बंद करून उठतात. ‘खाजगी विंडो’ वापरा असं लिहिणार असाल तर ‘खाजगी’ शब्दाचा अर्थ सांगावा लागेल.

कारेलीबाग:

बरोबर. खाजगी विंडोत कुकीज तात्पुरत्या असतात, त्या प्रकारच्या सगळ्या विंडो बंद केल्या की जातात. त्यामुळे तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्यापासून ती तुम्हाला वाचवते, तेवढंच तिचं खाजगीपण. ज्या स्थळावर गेलात त्याला, इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसताच. अमेरिकेत यावरूनच गूगलवर दावा झाला होता. २०२४ च्या तडजोडीत गूगलनं त्या विंडोतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं, आणि क्रोममधला सूचनेचा मजकूरही बदलला. तुमच्या फलकावर ‘खाजगी’ न लिहिता ‘तात्पुरती विंडो’ लिहा, आणि खाली: ‘उठण्यापूर्वी लॉगआउट करा, मग सगळ्या विंडो बंद करा.’ क्रम महत्त्वाचा आहे. लॉगआउट केल्यावर सर्व्हरकडची नोंद रद्द होते, नुसती विंडो मिटल्यानं ती होत नाही.