‘हूक हुकला’ : थट्टा, टवाळी की गजाल?

प्रश्न :
माझे थोरले काका नौदलात वैमानिक होते. आता ते वेंगुर्ल्यास राहतात आणि आंब्याच्या दिवसांत त्यांचे चार-पाच जुने सहकारी हटकून मुक्कामाला येतात. रात्री उशिरापर्यंत पडवीत बसून ही मंडळी एकमेकांविषयी जे बोलतात, त्याला नेमका शब्द कोणता? नमुन्यादाखल एक प्रसंग सांगतो. १९६१ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या डेकवर सी हॉक विमान उतरे, तेव्हा त्याच्या शेपटाखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकावा लागे. तो अडकेलच याची खात्री नसल्यामुळे चाके टेकताच वैमानिक इंजिन पूर्ण जोराने चालवी, म्हणजे तार चुकली तरी पुन्हा उडून वळसा घेता येई. अशा चुकलेल्या उतरण्याला त्यांच्या भाषेत ‘बोल्टर’ म्हणतात. काकांचा बोल्टर झाला त्या रात्री त्यांच्या ताटात तळलेल्या तुकडीशेजारी कोणीतरी मासे धरण्याचा गळ ठेवला होता आणि सोबत चिठ्ठी होती : ‘हूक हुकला. पुढच्या खेपेस हा लाव.’ ही हकीकत काका स्वतःच सांगतात आणि सर्वांत मोठ्याने तेच हसतात. ही थट्टा म्हणावी की टवाळी?

उत्तर :
टवाळी खासच नव्हे, कारण टवाळखोराला समोरच्याविषयी आदर नसतो. ‘टर उडवणे’ त्याहून बोचरे आणि ‘कुचेष्टा’ तर सरळ दुष्ट. ‘फिरकी घेणे’ जवळचे वाटते, परंतु आपली फिरकी घेतली जात आहे हे ज्याला कळत नाही त्याचीच ती घेतली जाते, आणि येथे तर गळ उघड ताटातच होता. फौजेत ‘टांग खेचना’ हा हिंदी प्रयोग सर्रास चालतो. त्याचे ‘पाय ओढणे’ असे भाषांतर मात्र कृपा करून करू नये, कारण मराठीत पाय ओढणारा वर चढणाऱ्याला खाली खेचतो. टोपलीतल्या कुर्ल्यांची गोष्ट कोकणात वेगळी सांगायला नको. तेव्हा कृतीला ‘थट्टा’ म्हणावे आणि चिठ्ठीतल्या वाक्याला ‘कोटी’. ‘हुकणे’ म्हणजे नेम किंवा संधी चुकणे. इंग्रजी ‘हूक’शी त्याचे नाते केवळ कानापुरते आहे, आणि कोटीला तेवढे पुरते.

पुरवणी :
वरील उत्तर कृतीपुरते बरोबर आहे, पण प्रश्न पडवीतल्या बोलण्याचा आहे. त्याला मालवणीत ‘गजाल’ हा शब्द तयार आहे. गजाल म्हणजे गोष्ट, बाब, आणि निवांत गप्पाही. थट्टेला एक करणारा आणि एक सोसणारा लागतो; गजालीत ज्याची फजिती झाली तोच सांगायला बसतो आणि बाकीचे मीठमसाला पुरवतात. जाता जाता : १९८३ च्या अखेरीस गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर सी हॅरियर विमाने आली. ती डेकवर सरळ खाली उतरत, त्यांना हूकच नव्हता, त्यामुळे ही कोटी तेव्हा बेकार झाली असणार. २०१० साली तेथे सेवेत दाखल झालेल्या मिग-२९के विमानांना मात्र पुन्हा हूक आहे.

प्रश्नकर्त्याकडून :
दोन्ही उत्तरे काकांना वाचून दाखवली. ‘गजाल’ त्यांना लगेच पटला. गळ अद्याप पडवीतल्या खुंटीला टांगलेला आहे, हे सांगायचे राहिले होते. त्याच्याकडे पाहत काका म्हणाले, “थट्टा करणाऱ्यान गळ तरी बरो देवचो होतो. आजपर्यंत एक मासो लागलो नाय.”