बोनेअरला किनाऱ्यावरून डायव्हिंग: कुठे उतरावं, काय भाड्याने घ्यावं? (मदत हवी आहे)

खाडीकाठची:

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही दोघं आठ दिवस बोनेअरला चाललोय. अरुबा, कुरसावच्या शेजारचं, व्हेनेझुएलाच्या उत्तरेचं डचांचं बेट. आम्ही ह्यूस्टनला असतो. मी 54, नवरा 57. दोघांनी 2016 साली तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलं, नंतर नेत्राणीला दोनदा आणि हॅवलॉकला एकदा गेलो. एकूण डाइव्ह 23, शेवटची 2019 ची.

अडचण अशी की त्या सगळ्या होडीवरून. काठावर बसायचं, पाठीवर पाण्यात पडायचं, आणि वर आलं की होडीवरची पोरं सिलिंडर ओढून घ्यायची. ओझं पाठीवर घेऊन चालत समुद्रात शिरायची वेळ कधी आली नाही, आणि बोनेअरला म्हणे सगळे तेच करतात. नवऱ्याचा डावा गुडघा कुरकुरतो. त्याला झेपेल का?

आमच्याकडे मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि चपलेसारखे अनवाणी पायात घालायचे फिन्स आहेत. बाकीचं तिथे भाड्याने घ्यायचा विचार आहे. गाडी साधी छोटी घेतली तर चालेल ना? व्हिसाचं झालंय, ते विचारत नाही.

कालवं:

दोनदा जाऊन आलोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी ते फिन्स घरी ठेवा. बोनेअरचा किनारा वाळूचा असेल अशी कल्पना करून जाल तर पहिल्याच दिवशी पाय सोलून घ्याल. बहुतेक ठिकाणी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि आपल्या कोकणातल्या खडपासारखा धारदार दगड. जाड तळव्याचे डायव्हिंगचे बूट आणि त्यावर चढणारे, मागे पट्टा असलेले फिन्स हवेत. बूट स्वतःच्या मापाचे विकत घ्या, बाकी काही विकत घेतलं नाही तरी चालेल. भाड्याच्या बुटात टाच सरकली की गुडघ्याचं काम झालंच.

बाकी बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन), 3 मिलिमीटरचा वेटसूट तिथे घ्या. पाणी वर्षभर 26 ते 29 अंश असतं. सिलिंडर आणि शिसं (पाण्याखाली जायला अंगावर घ्यायचं वजन) बहुतेक ठिकाणी पॅकेजात येतं: दिवसाला हवे तेवढे भरलेले सिलिंडर उचला, रिकामे आणून ठेवा. काही दुकानांत गाडी थेट सिलिंडरच्या मांडणीपाशी नेता येते, दुधाच्या केंद्रावर कॅन बदलावे तसं. बऱ्याच पॅकेजात नायट्रॉक्सला (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेला) वेगळे पैसे पडत नाहीत. दिवसाला तीन डाइव्ह मारणार असाल तर जाण्याआधी तो छोटा कोर्स करून घ्या. आमच्या एका भाड्याच्या रेग्युलेटरमधून पहिल्याच डाइव्हला फुसफुस हवा गळत होती. दुकानाने कुरकुर न करता बदलून दिला, पण अर्धी सकाळ गेली. सामान घेताना दुकानातच सिलिंडरला जोडून, श्वास घेऊन, बीसीडी फुगवून बघा.

छोटी गाडी नको. पिकअपच घ्या. मागचा फाळका पाडला की ते तुमचं बसायचं बाकडं. सिलिंडरला बीसीडी तिथेच बांधायची, फाळक्यावर बसून पट्टे आवळायचे आणि उभं राहायचं. नुसतं सिलिंडरच 15-16 किलोचं असतं, ते जमिनीवरून उचलून खांद्यावर घ्यायला लागलं तर कुठलाही गुडघा कुरकुरेल. आणि हो, तिथल्या बऱ्याच पिकअप गिअरच्या असतात. अमेरिकेत राहून क्लच विसरला नसाल तर बरं.

खाडीकाठची:

नवरा पुण्यात पंचवीस वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवायचा, क्लच त्याच्या पायात आहे. डाव्याच. :( पण जागा सांगा ना.

कालवं:

गाडी तुम्ही चालवा मग.

पहिली डाइव्ह निवडायचा प्रश्नच नाही. समुद्रात उतरणाऱ्या प्रत्येकाला मरीन पार्कची फी भरावी लागते (आम्ही गेलो तेव्हा 40 डॉलर, कॅलेंडर वर्षाची) आणि डायव्हरना दुकानाने दिलेली माहिती ऐकून एक ओळखीची डाइव्ह करावीच लागते. ती बहुधा दुकानाच्या धक्क्यावरूनच होते, शिडीने उतरायचं. 2019 नंतर पहिल्यांदा उतरणार आहात, तर दोन दिवस त्या धक्क्यावरच काढा. शिसं किती लागतं ते तिथेच ठरवा. अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत आलं की तरंगायला लागतं, त्यामुळे शेवटच्या पाच मीटरवरच्या थांब्यात फुग्यासारखं वर जायला होतं. तेवढा हिशोब धरा.

मग विमानतळाजवळचा ‘ते आमो’ नावाचा किनारा. तिथे वाळू आहे, उतरणं सोपं. पुढे दक्षिणेला जा. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतील, त्यावर जागेचं नाव असतं. हिल्मा हूकर हे 1984 साली बुडालेलं मालवाहू जहाज, गांजाच्या साठ्यासह पकडलेलं. तळ 30 मीटरवर आहे, तुमच्या ओपन वॉटरच्या 18 मीटरच्या मर्यादेबाहेर. वरून बघा, आत शिरू नका. सॉल्ट पिअर माझी आवडती. मिठाच्या धक्क्याचे खांब, त्यावर स्पंज आणि प्रवाळ, मधून माशांचे थवे. मिठाचं जहाज लागलेलं असेल तेव्हा मात्र तिथे उतरता येत नाही. त्याच रस्त्यावर गुलामांच्या बुटक्या दगडी झोपड्या आहेत, 1850 च्या. मोठं माणूस ताठ उभं राहू शकत नाही एवढ्या. मिठागरात राबणारी माणसं त्यात झोपायची. पुढचा डाइव्ह चुकला तरी चालेल, पण तिथे थांबा.

उत्तरेच्या थाउजंड स्टेप्सला नाव हजाराचं, पायऱ्या सत्तरच्या आत. सामान घेऊन परत चढताना मात्र हजारच मोजल्या. गुडघ्यासाठी ती वगळा. पूर्व किनारा तर सगळ्यांनीच वगळावा, व्यापारी वारे थेट तिथे आदळतात.

नारळीपौर्णिमा:

वरच्यांनी एक सांगितलं नाही. गाडीत काही ठेवू नका. पाकीट, फोन, पासपोर्ट, कोरडा टॉवेलसुद्धा नको. तासभर तुम्ही पाण्यात असता आणि गाडी रस्त्याकडेला एकटी. गाडी कुलूप न लावता, काचा खाली करून ठेवतात, म्हणजे निदान काच तरी फुटत नाही. आम्ही शहाणपणा करून सीटखाली पैसे लपवले होते. चप्पल ठेवली चोराने, एवढी माणुसकी.

हातमोजे चालत नाहीत, पार्कचा नियम आहे. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट असलेलं सनस्क्रीनही 2021 पासून बंद, पूर्ण बाह्यांचा शर्टच न्या. आणि 2023 पासून तिथे प्रवाळांच्या ऊती गळून जाण्याचा रोग पसरलाय. सामान कसं निर्जंतुक करायचं आणि कुठल्या जागा बंद आहेत ते दुकानात विचारा, दरवेळी बदलतं. काही ठिकाणी मेंदूच्या आकाराचे प्रवाळ पांढरेफटक पडलेले दिसतील. माझ्या 2014 च्या फोटोंतलं बेट आता तसंच मिळेल अशी आशा धरू नका.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास. तो दिवस फ्लेमिंगो आणि गाढवांसाठी ठेवा. गाढवं रस्त्यात आडवी उभी असतात.

खाडीकाठची:

बूट मागवले. नायट्रॉक्सचा कोर्स शनिवारी आहे, नवरा आत्तापासून गणितं घालतोय. पिकअपही ठरवली, पण ऑटोमॅटिक मिळते का ते विचारलंय, कारण क्लच माझ्याही पायात नाही.

एकच राहिलं. लाटेत उभं राहून फिन्स घालायचे कसे? होडीत बसून घालायची सवय आहे.

कालवं:

उभं राहायचंच नाही. बीसीडी फुगवा, तोंडात रेग्युलेटर ठेवा, फिन्स हातात. कमरेइतकं पाणी आलं की पाठीवर तरंगा, आणि तरंगत एकेक पाय वर घेऊन चढवा. तोवर एकमेकांचा हात धरा. बाहेर येताना उलट, आणि फार उथळ आलात तर सरळ रांगत या. दिसायला वाईट दिसतं, पण तिथे सगळेच रांगतात.